मर्नाचा बिनरंगाचा ओटा

मे महिना लागला की हर्टलच्या खाडीतली माणसं मर्ना रिट्सीच्या वाटेला जात नसत. एरवी बाई सोन्यासारखी. कुणाकडे आजारपण आलं तर न सांगता माशाचं दुधातलं कालवण घेऊन जाईल, चर्चच्या जेवणावळीनंतर सगळ्यात करपलेलं पातेलं स्वतःहून ओढून घासायला घेईल. पण मे महिन्यात धुकं उठलं, फळ्या जरा सुकल्या, की ती गुडघ्यांखाली जुनी उशी घालून, हातात खरवडणी घेऊन घरापुढच्या लाकडी ओट्यावर बसायची. मग रस्त्यानं जाणाऱ्यानं "काय मर्ना, काम चाललंय वाटतं?" एवढं जरी विचारलं तरी "नाही, नाचतेय!" असं उत्तर अंगावर यायचं.

ओटा म्हणायचा म्हणून ओटा. एखाद्या गलबताच्या डेकएवढा तो पसरला होता. मर्नाचा नवरा लॉर्न होड्या बांधणारा सुतार. लग्नानंतर त्यानं स्वयंपाकघराच्या दाराबाहेर खुर्ची मावेल एवढ्या फळ्या ठोकल्या, तिथून सुरुवात झाली. पुढे ओटा समुद्राकडच्या अंगाला वाढला, मग घराला वळसा घालून पूर्वेकडे गेला, आणि शेवटी उतारावरून थेट धक्क्यापर्यंत फळ्यांची पायवाट आली. दर वेळी लॉर्न हात झटकून "झालं, आता पुरे" म्हणायचा, आणि दर वेळी कुठल्या तरी होडीच्या कामातून चांगल्या फळ्या उरायच्याच. चांगली फळी वाया घालवणं त्याच्या जिवावर यायचं.

आणि फळी म्हटली की रंग आलाच. रिट्सींच्या घरात बिनरंगाचं लाकूड म्हणजे बिनकपड्याचा माणूस. होडीला द्यायचा तोच गडद हिरवा रंग ओट्याला. हिवाळ्यात बर्फ त्या रंगाखाली शिरायचा, फुगायचा, आणि वसंतात उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखे रंगाचे पापुद्रे सुटायचे. ते खरवडा, घासा, सुकवा, पुन्हा रंगवा. नेमक्या त्याच महिन्यात लॉर्नकडे पाण्यात उतरवायच्या होड्यांची रांग लागलेली, त्यामुळे ओटा बांधला नवऱ्यानं आणि निस्तरला बायकोनं. मर्ना आठवडाभर मासळीच्या कारखान्यात ओल्या फरशीवर उभी राहून कॉडचे तुकडे खोक्यात भरायची आणि सुट्टीचा दिवस गुडघ्यांवर काढायची. कारखाना बंद पडला. लॉर्नही म्हातारा झाला, त्यानं कामाची शेड विकली. पण मे महिना काही निवृत्त झाला नाही. लॉर्नला कुणाची ना कुणाची होडी बघायला बोलावणं यायचंच, आणि मर्नाच्या हातातली खरवडणी सुटायची नाही.

त्या वर्षी तिचा एक गुडघा सुजून पावाच्या लादीसारखा झाला होता. तरीही तिनं दारापासून कोपऱ्यापर्यंतचा भाग खरवडून, दोन हात रंग देऊन चकचकीत केला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती चहाचं आधण ठेवत होती. लॉर्न धक्क्यावरून लॉबस्टरची बादली घेऊन येत होता. बाहेर काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. मोठा नव्हे, ओलसर, फुसका.

"मर्ना!"

"काय झालं? कुठे आहेस?"

"इथेच आहे. अर्धा."

ती बाहेर आली. लॉर्न कमरेच्या जरा खालपर्यंत ओट्यात रुतला होता. एक पाय खाली, दुसरा फळ्यांवर विचित्र वाकलेला. बादली उलटली होती आणि नांग्यांना रबर लावलेले लॉबस्टर नव्या हिरव्या रंगावरून चारी दिशांना निघाले होते.

मर्नाच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "अरे, कालच रंग दिला होता रे त्या फळीला!"

त्या वाक्याची तिला पुढे फार लाज वाटली, पण निघालं ते निघालं. लॉर्नचा चेहरा पांढरा पडला होता आणि तरी तो म्हणाला, "रंग छान बसलाय. मी जवळून बघतोय."

शेजारचा अर्विन वेंट्झेल पहार घेऊन धावत आला. दोन फळ्या उचकटून त्यांनी लॉर्नला वर काढलं. घोटा मोडला होता. रुग्णवाहिकेची वाट बघताना मर्ना त्या भगदाडाशी वाकली. वरून रंग नवरीसारखा तजेलदार, आणि खाली लाकूड असं नव्हतंच. चहात बुडवलेलं बिस्किट जसं बोटात येतं तसं ते आलं. तिनं शेजारची फळी दाबली, तीही तशीच. वर्षानुवर्षं ती रंगाचे थर चढवत होती, आणि प्रत्येक थर आतलं पाणी आतच कोंडून ठेवत होता. आपण गुडघे झिजवून हे लाकूड कुजवलंय, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिला हसावं की लॉबस्टर फेकून मारावा ते कळेना. शेवटी तिनं लॉबस्टर गोळा केले. रात्रीच्या जेवणाला ते लागणारच होते.

लॉर्नच्या पायाला प्लास्टर आलं आणि तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्चीत बसला. तिथून त्याला अख्खा ओटा दिसायचा आणि त्यामुळे त्याचं तोंड बंद होत नसे.

"खालच्या तुळया बदलाव्या लागतील. फळ्या मी निवडून देतो. रंगाचं म्हणशील तर आधी तेल पाजून..."

"लॉर्न," मर्ना म्हणाली, "आजपासून जो खरवडतो तो ठरवतो."

"म्हणजे?"

"म्हणजे मी ठरवणार. काय घालायचं, किती घालायचं, सगळं."

लॉर्ननं थोडा विचार केला. "ठरव. फक्त प्लॅस्टिक नको. वितळवलेल्या दुधाच्या बाटल्यांवर मी चालणार नाही."

ओटा बदलतोय ही बातमी खाडीभर व्हायला वेळ लागला नाही, आणि मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. हॅलिफॅक्सहून लेक नॅडीनचा फोन आला: "आई, भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र करून ओतलेल्या फळ्या मिळतात. पंचवीस वर्षांची हमी. घातल्यावर काहीच करावं लागत नाही." अर्विनचं वळणावर लाकडाचं दुकान. तो म्हणाला, "वेडी आहेस का? औषध मुरवलेलं लाकूड घे. किडा शिवत नाही, बुरशी शिवत नाही. काहीच करावं लागत नाही." लॉर्नची बहीण ब्यूला तर घरीच आली, आणि पर्स मांडीवर ठेवून म्हणाली, "मी गेल्याच वर्षी त्या भुसा-प्लॅस्टिकच्या फळ्या घातल्यात, तुला माहीतच आहे. माझं मत विचारशील तर लोकांनी लाकडाचा नाद सोडावा. मी तर काहीच करत नाही बाई."

मर्ना ऐकून घ्यायची आणि आतल्या आत खदखदायची. काहीच करावं लागत नाही! उभ्या आयुष्यात हे वाक्य तिनं फक्त काहीच न करणाऱ्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. लॉर्ननं पूर्वेकडचा ओटा वाढवला तेव्हा तोही हेच म्हणाला होता.

तेव्हा तिनं ठरवलं की कुणाच्या जिभेवर विश्वास ठेवायचा नाही, डोळ्यांनी बघायचं. आणि बघायचं तेही ऊन पडलेल्या दिवशी नव्हे. ऊन असताना सगळ्यांचेच ओटे साजरे दिसतात. पाऊस पडून गेला की जायचं. लॉर्नच्या हत्यारांच्या पेटीतून तिनं लाकडी मुठीचा टोचा काढला, एप्रनच्या खिशात घातला, आणि गुडघ्याला पट्टा बांधून निघाली.

पहिला नंबर अर्विनचा. तो दुकानात होता. मर्ना सरळ त्याच्या ओट्यावर चढली. लांबून ठीक दिसत होतं. जवळून बघितलं तर फळ्या कडांनी वर उचलल्या होत्या, भाजलेल्या पापडासारख्या, आणि मधल्या खोलगट भागात पाणी साचलं होतं. स्क्रूच्या डोक्यांभोवती गंजाचे ओघळ. फळीच्या पोटात टोचा शिरला नाही, हे खरं. पण जिथे फळी करवतीनं कापली होती त्या टोकाला तो मुठीपर्यंत आत गेला. औषध वरच्या थरापुरतंच मुरलं होतं, आणि कापल्यावर उघडं पडलेलं लाकूड तसंच सोडून दिलं होतं.

तेवढ्यात अर्विन आलाच. "मर्ना! माझ्या ओट्याला भोकं पाडायला आलीस?"

"भोक होतंच रे. मी फक्त त्यात टोचा घातला."

"लोकांच्या दारात जाऊन असं..."

"कापलेल्या टोकांना ब्रशनं औषध लावायचं असतं, तूच गिऱ्हाइकांना सांगतोस ना?"

"सांगतो!"

"मग स्वतः का नाही लावलंस?"

अर्विननं टोपी काढली, परत घातली. "वेळ कुणाला आहे?" तो म्हणाला. त्यानंतर बरेच दिवस तो मर्नाशी बोलला नाही. रस्त्यात भेटला की तिच्या हाताकडे बघायचा, टोचा आहे की काय म्हणून.

मग ब्यूला. नणंदेकडे मर्ना मुद्दाम दोनदा गेली, एकदा पावसानंतर सकाळी आणि एकदा ऐन उन्हात. सकाळी, घराच्या सावलीच्या बाजूला, त्या महागड्या तपकिरी फळ्यांवर शेवाळाचा असा चिकट थर होता की मर्नाचा पाय सरकला आणि ती कठड्याला धरून वाचली.

"जपून गं," ब्यूला म्हणाली. "तुझे बूट गुळगुळीत झालेत."

दुपारी ब्यूलानं ओट्यावर चहा आणि आल्याचा केक मांडला. मर्नानं बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी पाय उन्हातल्या फळीवर ठेवला. ठेवला आणि किंचाळून उचलला. फळी तव्यासारखी तापली होती.

"तुला कुणी सांगितलं होतं बूट काढायला?" ब्यूला चिडून म्हणाली. "भलत्या वयात भलते चाळे!"

मर्ना एका पायावर उड्या मारत बाकावर जाऊन बसली, आणि तिची टाच कशाला तरी लागली. बाकाखाली एक बादली होती, व्हिनेगरचा मोठा कॅन होता, आणि केस झिजलेला घासायचा ब्रश.

दोघीही त्या ब्रशकडे बघत राहिल्या.

"किती वेळा?" मर्नानं विचारलं.

"काय किती वेळा?"

"ब्यूला."

ब्यूलानं केकचा तुकडा करून बशीत ठेवला, खाल्ला नाही. "पंधरवड्याला. दमट हवा असली तर दर आठवड्याला," ती हळू आवाजात म्हणाली. "नॉर्मनला सांगू नकोस. त्या फळ्यांसाठी मीच त्याच्यामागे लागले होते." नॉर्मन म्हणजे तिचा नवरा. मग एकदम उसळून म्हणाली, "आणि तुझ्या त्या हिरव्या सडक्या फळ्यांपेक्षा बऱ्याच म्हणायच्या! तुझ्याकडे माणूस आत गेला, माझ्याकडे निदान वर तरी राहतो!"

मर्नानं बशी पुढे ओढली. तिनं केक खाल्ला. केक चांगला होता.

घरी येताना ती इतकी वैतागली होती की सरळ रस्ता सोडून किनाऱ्याकडून वळली. सगळं जग खोटं बोलतंय असं तिला वाटत होतं. लाकूडवाला खोटं बोलतो, कारखानेवाला खोटं बोलतो, नणंद खोटं बोलते, आणि सगळ्यात मोठं खोटं म्हणजे रंगाचा डबा. खाडीच्या टोकाला तिच्या बापाची, एल्बर्ट मॉसमनची, मासे साठवायची जुनी खोली उभी होती. आता ती कुणी वापरत नसे. खोलीच्या दारापासून पाण्यापर्यंत एक लाकडी उतरण होती, तिच्यावरून मॉसमन हेरिंग माशांची पिंपं घरंगळत न्यायचा. मर्ना त्या उतरणीवर दम खायला बसली. दगडासारख्या करड्या झालेल्या, चिरा पडलेल्या, ओबडधोबड फळ्या. बापानं त्यांना जन्मात रंग दिला नव्हता. रिट्सींच्या घरात यावरून टोमणे असत. लग्नात सासू सगळ्यांसमोर म्हणाली होती, "आमच्याकडे रंग असतो हो, मॉसमनांकडे राख असते." बाप आळशी होता हे मर्नालाही मान्य होतं. त्याला रंगवण्यापेक्षा बसून तंबाखू ओढणं बरं वाटायचं.

तिनं चाळा म्हणून खिशातला टोचा काढला आणि फळीत मारला. टोचा उडाला. तिनं जोरात मारला. मनगट झिणझिणलं, फळीला नखाएवढी खूण पडली, बस्स. तिनं टोकांना मारला, स्क्रूंपाशी मारला, खांबांपाशी मारला. मग पोटावर झोपून, एप्रन चिखलात माखून घेत, ती उतरणीच्या खाली डोकावली. फळ्यांमध्ये बोटभर फटी होत्या. पाणी पडलं की सरळ खाली. आणि खाली मोकळा वारा खेळत होता. लाकूड होतं हॅकमॅटॅक. दलदलीत वाढणारं, हिवाळ्यात सुया गाळणारं झाड, ज्याच्या मुळांतून जुने सुतार होड्यांच्या सांगाड्याचे बाकदार जोड काढत. जिथे खांब मातीत गेले होते तिथे मात्र तेही कुजलं होतं. जमिनीला टेकलेलं लाकूड, मग ते कुठलंही असो, जमीन खाणारच.

मर्ना बराच वेळ तशीच पालथी पडून होती. वरून जाणाऱ्या कुणीतरी हाक मारली, "मर्ना, बरी आहेस ना गं?" "बघतेय!" ती खालून ओरडली.

त्या संध्याकाळी तिनं लॉर्नसमोर बटाट्याचं आणि आंबवलेल्या कोबीचं ताट ठेवलं आणि उभ्यानंच सांगितलं, "पूर्वेकडचा ओटा काढून टाकायचा. पुन्हा बांधायचा नाही. पुढचा अर्धा करायचा. त्याला हॅकमॅटॅकच्या फळ्या, मध्ये फटी, खाली वारा, स्क्रू न गंजणारे. धक्क्याकडच्या वाटेला फळ्याच नकोत. खाली तण रोखणारं जाड कापड, वर खडीचा चुरा, आणि उताराला खडबडीत दगडाच्या पायऱ्या."

लॉर्न काटा हातात धरून ऐकत होता. हॅकमॅटॅक म्हटल्यावर त्याचे डोळे जरा उजळले. "आणि रंग?"

"रंग नाही."

"तेल?"

"तेल नाही. काही नाही. पडू दे करडा."

"मर्ना, लोक काय म्हणतील? होड्या बांधणाऱ्याच्या घरापुढे बिनरंगाचं..."

इथे मात्र तिचा बांध फुटला. "लोक! लोकांनी कधी माझे गुडघे बघितलेत? इतकी वर्षं मी त्या फळ्यांवर रांगतेय, लहान मूलसुद्धा वर्षभरात रांगायचं थांबतं! तू होडी पाण्यात सोडतोस, लोक टाळ्या वाजवतात. मी ओटा रंगवते, हिवाळा येऊन थुंकतो त्याच्यावर. आणि कशासाठी? कुणी मागितला होता एवढा मोठा ओटा? मी मागितला होता?"

"हो," लॉर्न म्हणाला.

"काय?"

"तूच म्हणाली होतीस. नॅडीन पोटात होती तेव्हा. दारात उभी होतीस, खाली चिखल होता. म्हणालीस, चिखलात पाय न घालता इथून समुद्र बघता आला तर काय मजा येईल." तो ताटाकडे बघत होता. "म्हणून मी पहिल्या फळ्या ठोकल्या. मग वाटलं, पुढच्या बाजूनं आणखी चांगला दिसेल. मग पूर्वेकडून सूर्य उगवताना दिसेल. मग वाटलं, पाण्यापर्यंतच नेऊ, तुला चिखल लागायलाच नको."

मर्ना खुर्चीत बसली. तिला ते वाक्य आठवत होतं, पण धूसर, जसं आपण कधीतरी कुणाला तरी बोललेलं काहीही आठवतं तसं. "लॉर्न," ती म्हणाली, "मला एका खुर्चीएवढी जागा हवी होती रे."

"तू पुरे म्हणाली नाहीस कधी."

"तू विचारलंस कधी?"

दोघांनी ताटं संपवली. तिचा राग गेला नव्हता. उलट आणखी वाढला होता, कारण आता तो कुणावर काढावा हेच कळत नव्हतं. शिव्या घालायला निदान नवरा तरी हातात होता, तोही गेला.

जूनमध्ये काम सुरू झालं. आतल्या गावचे दोन सुतार आले. लाकूड मात्र अर्विनच्याच दुकानातून घ्यावं लागलं. त्यानं "हॅकमॅटॅक मुद्दाम कापून आणावं लागेल" एवढंच बोलून पाठ फिरवली, पण फळ्या पाठवल्या त्या निवडक, गाठी नसलेल्या. लॉर्नला खुर्चीसकट बाहेर आणून बसवलं, आणि तिथे त्याची खरी करामत दिसली. फळीची कुठली बाजू वर ठेवायची म्हणजे ती खोलगट होणार नाही, वरच्या कडा कशा तासायच्या म्हणजे पाणी थांबणार नाही, खांब मातीत न पुरता दगडावर कसे बसवायचे, हे त्याच्याइतकं त्या खाडीत कुणाला कळत होतं? सुतार कधी त्याचं ऐकायचे, कधी मर्नाचं, आणि दोघं एकमेकांचं ऐकत नसत तेव्हा चहाला जाऊन बसायचे.

"फट किती?" सुतारानं विचारलं.

"बोटभर," मर्ना म्हणाली.

"पेन्सिलभर," लॉर्न म्हणाला. "लाकूड ओलं आहे. सुकल्यावर आकसेल, फट आपोआप वाढेल."

"बापाच्या उतरणीवर बोटभर होती."

"तिथे पिंपं घरंगळायची. इथे तू चालणार आहेस."

मर्नानं हट्ट सोडला नाही, बोटभरच ठेवायला लावली. ऑगस्टपर्यंत लाकूड सुकलं आणि फटी अशा रुंदावल्या की तिची विणायची सुई एकदा, चमचा दोनदा आणि सोललेले वाटाणे रोजच खाली जाऊ लागले. चिराही पडल्या, त्यांची कुसळं तळपायात गेली, म्हणून अनवाणी फिरणंही बंद झालं. लॉर्न एका शब्दानंही "मी सांगितलं होतं" म्हणाला नाही. तेच तिला जास्त झोंबलं.

प्लास्टर निघालं आणि लॉर्न काठीवर चालू लागला. एके दिवशी मर्ना चर्चच्या जेवणावळीची तयारी करून दमून घरी आली. खडीच्या वाटेनं वर चढताना तिला ओळखीचा वास आला. ओट्याच्या कोपऱ्यात लॉर्न स्टुलावर वाकून बसला होता. शेजारी तळघरातून काढलेला जुना डबा. कडेची एक फळी, अख्खी, गडद हिरवी.

"कडेचीच आहे," तो घाईनं म्हणाला. "नुसती किनार. होडीला असते तशी."

मर्नाला ओरडायचं होतं. तोंड उघडलं होतं, शब्दही तयार होते. त्याऐवजी ती पायरीवर बसली आणि रडू लागली. कारखाना बंद झाला त्या दिवशी बाकीच्या बाया गळ्यात गळे घालून रडल्या, तेव्हा हिनं त्यांचे एप्रन गोळा करून घड्या घातल्या होत्या. लॉर्ननं तिला असं कधी पाहिलं नव्हतं. तो ब्रश हातात धरून तसाच बसला, आणि रंगाचे थेंब त्याच्या चांगल्या पँटवर पडत राहिले.

मग तो उठला. आत जाऊन स्क्रू काढायचं यंत्र घेऊन आला, मोडलेला पाय बाजूला पसरून खाली बसला, आणि एकेक स्क्रू काढू लागला. फळी सुटल्यावर ती उचलायची ताकद त्याच्यात नव्हती. मर्नानं डोळे पुसले आणि दुसरं टोक धरलं. दोघांनी ती उलटी करून, रंग खाली, परत बसवली.

"खाली राहू दे," लॉर्न म्हणाला. "कुणाला दिसत नाही."

"खेकड्यांना दिसेल," मर्ना म्हणाली.

पुढच्या हिवाळ्यात बर्फ पडला, वितळला, खारं धुकं आलं आणि गेलं. ओट्याचा रंग आधी पिवळट होता, तो राखाडी झाला, अगदी सकाळच्या पाण्यासारखा. ब्यूला येऊन उभी राहिली, टोचायला काही नव्हतं म्हणून छत्रीच्या टोकानं टोचलं, आणि "ओबडधोबडच दिसतो," एवढं म्हणून गेली. अर्विन मात्र एके सकाळी हातात औषधाचा डबा आणि ब्रश घेऊन आला. "उरलाय," म्हणाला. "माझी टोकं लावून झाली. तुमच्या खालच्या खांबांना हवं असेल तर." मर्नानं त्याला चहा दिला, आणि दोघांच्यात जे काही बिनसलं होतं त्याचा विषय कुणी काढला नाही.

मे महिना आला. मर्ना सवयीनं पहाटे उठली, हवा बघितली, आणि करायला काहीच नाही हे लक्षात येऊन तिची चिडचिड झाली. तिनं कपाटं आवरली. नॅडीनला फोन करून उगाच झापलं. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी जोराचा पाऊस झाला आणि उतारावरची खडी बरीचशी वाहून धक्क्यापाशी ढीग होऊन बसली.

"बघ!" लॉर्न खिडकीतून म्हणाला, जरा जास्तच खुशीत. "फळ्या असत्या तर वाहून गेल्या नसत्या."

"फळ्या असत्या तर तू त्यांच्यात असतास."

तिनं फावडं काढलं आणि खाली गेली. खडी ओढून वर आणणं कंटाळवाणं काम. ती पुटपुटत होती, दगडांना नावं ठेवत होती, पावसाला, नवऱ्याला आणि कापड कमी जाड देणाऱ्या दुकानदारालाही. थोड्या वेळानं लॉर्न काठी टेकत उतरला, काठी कुंपणाला लावली आणि तिच्या हातातून फावडं घेतलं.

"घोट्याला झेपेल का?"

"उभ्यानं करायचं काम आहे," तो म्हणाला. "उभ्यानं काहीही झेपतं."

मर्ना पायरीवर बसली आणि तो चुकीच्या दिशेनं खडी ओढतोय हे त्याला सांगू लागली.